वाट्यानं चालवायचं ऑनलाइन दुकान: छोट्या चॅनेलवाल्यांसाठी पहिल्यापासून

मी मिरजेत गाणं शिकवते आणि तंबोऱ्याची निगा या एकाच विषयावर मराठीत व्हिडिओ करते. तार कशी बदलायची, जवारीचा दोरा कुठे सरकवायचा, पावसाळ्यात वाद्य कुठे ठेवायचं, एवढंच. हे बघणारे लोक लाखांनी नसतात. पण जे बघतात ते तंबोरा जवळ घेऊन, व्हिडिओ थांबवत थांबवत बघतात आणि खाली नेमका प्रश्न विचारतात. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं. ते पुरं झाल्यावरही माझ्या हातात जे आलं त्यातून तारांचे दोन सेटसुद्धा आले नसते.

म्हणून दुकान. आणि तेही एकटीचं नव्हे, कारण मला तार ओढता येत नाही की गवसणी, म्हणजे वाद्यावर घालायचं कापडी आवरण, शिवता येत नाही. माल एकाचा, बघणारे दुसऱ्याचे, कधी वेबसाइट तिसऱ्याची, आणि आलेला पैसा वाटून घ्यायचा. आपल्या भागात असे किती विषय पडून आहेत! कोरेगावचा वाघ्या घेवडा, तासगावचा बेदाणा, माणदेशातली घोंगडी, साताऱ्याच्या किल्ल्यांच्या वाटा. यांपैकी एखाद्यावर मनापासून व्हिडिओ करणारा किंवा लिहिणारा कुणीतरी तुमच्याही ओळखीत असेल. ज्यांनी अजून एकही वस्तू विकलेली नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

व्यवहार तसा आपल्याकडे नवा नाही. रान एकाचं, कसणारा दुसरा, पीक निम्मं निम्मं. अर्धेलीनं रान लावताना जुनी माणसं वाटा किती हे फारसं बोलतच नाहीत, तो ठरलेलाच असतो. ती विचारतात, बियाणं कुणाचं, खत कुणाचं, मळणीचा खर्च कुणाकडे आणि कडबा कुणाचा. ऑनलाइन दुकानात नवा माणूस नेमका उलटा जातो. तीस टक्के की चाळीस टक्के यावर तो दोन दिवस घासाघीस करतो आणि ते टक्के कशावर, हे विचारायचंच राहतं. या लेखात मी सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबणार आहे.

आधी वही

पहिलं काम वही-पेनचं. आपल्या शेवटच्या पंचवीस-तीस व्हिडिओंखालचे सगळे प्रश्न एका वहीत उतरवा. कौतुक सोडून द्या. ‘खूप छान ताई’ यातून दुकान निघत नाही. ‘कुठे मिळेल’, ‘कुणी करून देईल का’, ‘माझ्याकडे हे नाही, त्याऐवजी काय वापरू’ अशी वाक्यंच तेवढी घ्या. शेजारी गाव लिहा, कळत असेल तर.

मी ही वही करायला बसले तेव्हा मला वाटत होतं की लोकांना तंबोरेच हवे असणार. निघालं वेगळंच. सर्वांत जास्त वेळा विचारलेली वस्तू होती जवारीचा दोरा. घोडीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवरून तारा जातात तिथे, तारेच्या खाली सरकवायचा हा छोटासा सुती दोरा. तो जागेवर बसला की तार झंकारते, केसभर हलला की आवाज मुका होतो. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत मागितला तर कारागीर रिळातून तोडून हातावर ठेवतात. ठाण्यात, नागपुरात, बेळगावात शिकणाऱ्या मुलींना मात्र कोणता दोरा, किती जाड, हेच कळत नव्हतं. कुणी शिवणाचा दोरा लावत होतं, कुणी लोकर. दोऱ्याच्या खालोखाल खर्जाची पितळी तार, मणी आणि गवसणी. पूर्ण तंबोरा विचारणारे बोटांवर मोजण्याइतके.

वहीत ‘कुठे मिळेल’ असं विचारणारे वीस जणही निघाले नाहीत तर दुकानाची घाई करू नका. आणखी सहा महिने व्हिडिओच करा. हा वीसचा आकडा माझा अंदाज आहे, पण त्याहून कमी लोकांवर दुकान मांडून मनस्ताप झालेले दोघेजण माझ्या ओळखीत आहेत.

मोठी वस्तू शेवटी

नव्या माणसाला महागडी वस्तू विकावीशी वाटते, कारण एका विक्रीत पैसे जास्त दिसतात. तंबोऱ्याचं उदाहरण घ्या. भोपळ्यासकट खोका साधारण १३० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच होतो. कुरिअरवाले मोठ्या खोक्याचं खरं वजन धरत नाहीत, आकारमानावरून वजन काढतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५,०००. म्हणजे हा खोका त्यांच्या हिशेबी ५२ किलोच्या वर जातो, आत वाद्य चार-पाच किलोचं का असेना. वर भोपळा फुटण्याची भीती वेगळीच. हा धोका पत्करायची ताकद सुरुवातीला कुणाचीच नसते, ना तुमची ना कारागिराची.

तेव्हा पाकिटात मावेल, फुटणार नाही, नासणार नाही आणि पुन्हा लागेल अशी एक वस्तू निवडा. माझ्याकडे तार आणि दोऱ्याचा एकत्र संच हा पहिला नग होता. बेदाण्यावर लिहिणाऱ्यानं दहा प्रकार न मांडता एकच प्रत, एकाच वजनाची पिशवी घ्यावी. किल्ल्यांवाल्यानं टी-शर्टच्या आधी घडीचा, पावसात न भिजणारा नकाशा घेऊन बघावा.

आणि वेबसाइट करण्याआधी दहा नग हातानं विका. व्हॉट्सॲपवर ऑर्डर, यूपीआयवर पैसे, पोस्टानं पार्सल. हे दहा नग तुम्हाला जे शिकवतात ते कुठल्याच कोर्समध्ये नाही. मला पहिल्या दहांत कळलं की ‘तंबोऱ्याची तार’ एवढं लिहून चालत नाही. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा आणि काळी चारला गाणाऱ्या बाईचा तंबोरा यांच्या तारांची जाडी वेगळी असते. दहांतल्या तिघांना मी चुकीचा संच पाठवला होता. तिघांनाही पदरच्या खर्चानं बदलून दिला आणि मग ऑर्डरच्या फॉर्मात ‘तुमची पट्टी कोणती?’ हा प्रश्न घातला.

दुकान कुणाच्या जागेत

यावर फार वेळ घालवायला नको. वाटे चार प्रकारचे.

सर्वांत सोपा, दुसऱ्याच्या दुकानाची लिंक द्यायची आणि विक्री झाली की कमिशन घ्यायचं. ॲमेझॉननं आपली अशी योजना १९९६ मध्ये सुरू केली, आज ही पद्धत सगळीकडे आहे. अंगावर काही नाही, पण हातातही थोडंच येतं. लिंक दाबल्यावर किती वेळात खरेदी झाली तर ती तुमची धरतात, हे बघा. ॲमेझॉनवर ही मुदत साधारण २४ तासांची असते. दोन दिवस विचार करून घेणारा गिऱ्हाईक तुमच्या खात्यात येत नाही.

दुसरा, मागणी आली की छापून पाठवणाऱ्या कंपन्या. तुमचं चित्र, त्यांचा कप किंवा टी-शर्ट. ते आपली मूळ किंमत सांगतात, तुम्ही वर किती चढवाल ते तुमचं.

तिसरा, एखाद्या कारागिराशी किंवा उत्पादकाशी थेट. दुकान शॉपिफाय किंवा इन्स्टामोजोसारख्या तयार सोयीवर उघडायचं, माल त्याचा, बघणारे तुमचे. मी हाच निवडला, आणि नेमक्या विषयाच्या चॅनेलला हाच शोभतो असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे येणारा माणूस नेमकी वस्तू शोधत येतो. त्याला कुठेही मिळणारा कप देऊन पाठवणं बरं वाटत नाही.

चौथा, तीन-चार चॅनेलवाले मिळून एक दुकान. तंबोरा, पेटी, तबला, भजन असे विषय शेजारशेजारचे असतील तर छान चालतं. इथे भांडण एकाच गोष्टीवरून होतं: हे गिऱ्हाईक कुणाचं? प्रत्येकाला वेगळा कूपन कोड द्या, कोड नसलेली विक्री सगळ्यांत सारखी वाटा, आणि हे पहिली विक्री व्हायच्या आत लिहून ठेवा. नंतर लिहायला बसलात तर प्रत्येकाला मागची विक्री आपलीच आठवते.

वाटा कशाचा

माझा पहिला करार परगावच्या एका कंपनीशी झाला होता. दुकान फुकट, छपाई त्यांची, पाठवणं त्यांचं, ‘निम्मा नफा तुमचा’. मी तंबोऱ्याच्या चित्राच्या कापडी पिशव्या ठेवल्या. माझ्या विद्यार्थिनींनी, त्यांच्या मैत्रिणींनी आवडीनं घेतल्या. तीन महिन्यांनी हिशेब आला तेव्हा पिशवीमागे मला बारा-तेरा रुपये लागले होते. मूळ किंमत, साठवणूक, हाताळणी, प्रचार असे खर्च वजा करून उरला तो नफा, आणि त्याचा निम्मा. फसवणूक म्हणता येईल असं त्यात काही नव्हतं. करारात नफा हा शब्द चारदा होता आणि तो काढायचा कसा, हे एकदाही नव्हतं. वाईट याचं वाटलं की माझ्या शब्दावर घेणाऱ्या मुलींना वाटत होतं, ताईंना पैसे जात आहेत.

आता आकडे मांडून बघू. समजा एक गवसणी १,१८० रुपयांना विकली. दर १८ टक्के धरला तर त्यात कर १८० रुपये; तो सरकारचा, त्याला हात लावायचा नाही. राहिले १,०००. पेमेंट गेटवेनं, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीनं, पूर्ण १,१८० वर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेतला, म्हणजे सुमारे २८ रुपये. कुरिअर ९०, खोका आणि कागद ३०. कापड, अस्तर आणि शिवणाऱ्याची मजुरी मिळून ४८०. आता उरले ३७२.

या एकाच गवसणीवर तीन माणसं तीन प्रस्ताव घेऊन येऊ शकतात. पहिला म्हणतो, विक्रीच्या २० टक्के. ते गिऱ्हाइकानं दिलेल्या पूर्ण रकमेवर असतील तर २३६ रुपये, करापूर्वीच्या रकमेवर असतील तर २००. दुसरा म्हणतो, नफ्यातला निम्मा. तो १८६. ऐकायला निम्मा मोठा वाटतो आणि वीस टक्के किरकोळ, पण हातात येणारा पैसा उलटा. तिसरा म्हणतो, नगामागे ठरलेले १५० रुपये, बाकी तुम्ही विचारू नका आणि आम्ही सांगत नाही. नव्या माणसानं तिसऱ्याला लगेच नाही म्हणू नये. रक्कम कमी दिसते, पण हिशेबाची कटकट नाही आणि दर महिन्याला किती येणार ते आधीच कळतं.

परत आलेला माल यात धरलेला नाही. दहांतली एक गवसणी परत आली तर? जाण्याचे ९०, येण्याचे ९०, पॅकिंगचे ३० आणि गेटवेचे २८ गेले, म्हणजे २३८. नऊ गवसण्यांचे ३,३४८ मिळाले, त्यातून हे वजा केले की ३,११०. निम्मे १,५५५. तुम्ही मनात धरलेले होते १,८६०. घरपोच पैसे देण्याची सोय ठेवली तर न घेता परत येणारी पार्सलं आणखी वाढतात. म्हणून सुरुवातीला मी ती ठेवूच नये असं सांगते.

दुसऱ्या बाजूनंही बघा. विक्रीवर वाटा घेणाऱ्याला खर्च वाढला तरी फरक पडत नाही, सगळा भार माल करणाऱ्यावर जातो. कुरिअर महागलं, पितळ महागलं, तरी तुमचे २०० तसेच. कारागिराबरोबर वर्षानुवर्षं काम करायचं असेल तर हे बरोबर नाही. मी शेवटी असं ठरवलं: आधी त्याची मजुरी खर्चात धरायची, आणि ती तो गल्लीतल्या गिऱ्हाइकाला लावतो तेवढीच. मग कर, गेटवे, कुरिअर, पॅकिंग आणि परतीचा खर्च काढायचा. याखेरीज एकही खर्च वजा होणार नाही. उरेल त्याचे निम्मे. मजुरी नफ्यातून काढायला लावणारा करार मी करणार नाही आणि तुम्हीही करू नये. हातानं काम करणाऱ्याला आपल्या कष्टाचे पैसे मिळवायला विक्रीची वाट बघायला लागू नये.

ही बोलणी कारागिराच्या कारखान्यातच झाली. चाचा भोपळ्याला कानस मारत होते, मी टक्के सांगत होते. त्यांनी कानस खाली ठेवली, बोटांवरची भुकटी फुंकली आणि म्हणाले, “ताई, टक्क्यांचं नंतर बघू. वाटेत फुटलं तर कुणाचं फुटलं ते आधी सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या एका प्रश्नावर आम्ही दुपारभर बोललो. ठरलं ते असं: पॅकिंगचा व्हिडिओ काढायचा, त्यात खोका नीट भरलेला दिसत असेल तर नुकसान दोघांत, नसेल तर ज्यानं भरला त्याचं, आणि काच, भोपळा असलं काही पाठवायचं तर विमा उतरवल्याशिवाय नाही. टक्क्यांचं बोलणं नंतर पाच मिनिटांत मिटलं.

कागद

एवढं तोंडी ठरलं की त्याच आठवड्यात कागदावर आणा, स्टॅम्प पेपरवर. वकिलाला दाखवा, पण मजकूर आधी तुम्ही दोघं मराठीत लिहा. दोघांनाही वाचून कळला पाहिजे. कोणते खर्च वजा होणार त्यांची नावं, पैसे कोणत्या तारखेला, हिशेब बघण्याचा हक्क दोघांना, किंमत कोण ठरवणार, चॅनेलचं नाव आणि चित्रं कुणाची, आणि करार मोडायचा तर किती दिवस आधी सांगायचं.

एक ओळ विसरू नका. तुमचं नातं कमिशनचं आहे की भागीदारीचं, ते स्पष्ट लिहा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदार झालात तर धंद्याच्या देण्याला तुम्हीही जबाबदार. बोलताना आपण सहज ‘आम्ही पार्टनर आहोत’ म्हणतो. कागदावर तो शब्द विचार करूनच घालावा. नुसता नफ्यातला वाटा घेतला म्हणून कुणी भागीदार होत नाही, पण नातं काय ते कागदानं बोललेलं बरं.

कर आणि नियम

हे वाचताना घाबरू नका, पण वगळूही नका. तुमचा वाटा म्हणजे कमिशन, आणि कमिशन ही सेवा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला ही मर्यादा ४० लाख आहे. पण वस्तू परराज्यात गेली की मर्यादेचा उपयोग नाही, पहिल्या विक्रीपासून नोंदणी. आपल्या भागाला हे फार जवळून लागतं: मिरजेहून निघून म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, आणि कागवाड म्हणजे कर्नाटक. पुण्याला पाठवलेली गवसणी राज्यातली, कागवाडला पाठवलेली परराज्यातली. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे आणि हातानं बनवलेल्या भारतीय वाद्यांवर जीएसटी नाही, पण तारा, गवसणी, पेटी यांना ते आपोआप लागू होत नाही. आपल्या वस्तूचा दर कर सल्लागाराकडून लेखी घ्या. मोठ्या मार्केटप्लेसवर विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्यातल्या राज्यात वस्तू विकता येतात. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर काढावा लागतो.

कंपनीकडून कमिशन येत असेल तर ती टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ आयकर, कापू शकते. कापलेला तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते आयकराच्या पोर्टलवर दर तिमाहीला बघा. दुकानासाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळले की वर्षअखेरीला काहीच सापडत नाही.

बंद पाकिटातल्या वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन किंवा नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापायला लागतो. खायची वस्तू असेल, बेदाणा, हळद, भडंग काहीही, तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी नंबर हवाच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. करारात या कामाला एका माणसाचं नाव घाला, नाहीतर दोघंही समजतात की दुसऱ्यानं उत्तर दिलं असेल.

नावांचंही बघा. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुमचा माल कराराच्या कारागिरानं इथे केलेला असेल आणि तो अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला असेल, तरच मानांकनाचं चिन्ह लावा. दुसरीकडून आणलेल्या मालावर मिरजेचं नाव घालणं म्हणजे त्या गल्लीतल्या पिढ्यांच्या कामावर डल्ला आहे.

सांगून विका

आपला वाटा आहे हे बघणाऱ्याला सांगणं कायद्यानंही लागतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, वस्तूची शिफारस करणाऱ्याचा तिच्या विक्रीशी पैशाचा संबंध असेल तर तो उघड करायला हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड १० लाखांपर्यंत आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू शकतो. खालच्या वर्णनात कुठेतरी बारीक अक्षरात लिहून भागवू नका. मी व्हिडिओच्या सुरुवातीलाच म्हणते, “हा तारांचा संच आमच्या दुकानातला आहे, यातले पैसे मला मिळतात.”

याचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वस्तू नको असेल तर तेही सांगा. तार गंजलेली नसताना केवळ आवाज बसला म्हणून नवा संच मागणाऱ्याला मी आधी विचारते, दोरा सरकवून बघितलात का? बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. माझी विक्री जाते. पण ते माणूस पुढे गवसणी घ्यायला येतं आणि आपल्या गुरुभगिनीलाही पाठवतं. नेमक्या विषयाचे लोक एकमेकांना ओळखतात. एकाला खोटं बोललात तर क्लासभर पोचतं.

वस्तूचं पान लिहिताना मराठीत, बोलता तसं लिहा, पण मापं नेमकी द्या. गवसणीसाठी मी तीन मापं विचारते: भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी आणि खुंट्यांजवळची रुंदी. फोटो उजेडात काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. तार पाठवताना गुंडाळी बोटांनी आवळू नका, ती मुरडली की कायमची गेली. पुठ्ठ्याच्या चकतीवर सैल गुंडाळून वर मेणकागद. आणि जुलै-ऑगस्टची तयारी वेगळी ठेवा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण बघितलेत. सांगलीत नदीकाठच्या भागात माल तळमजल्यावर ठेवू नका, आणि पाणी वाढायला लागलं की दुकानाच्या पानावर ‘पार्सल उशिरा निघेल’ हे त्याच दिवशी लिहा.

कडबा कुणाचा

गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, त्यांनी काय घेतलं होतं ही यादी म्हणजे या शेतातला कडबा. सुगीत त्याच्याकडे कुणी बघत नाही, उन्हाळ्यात जनावरं त्यावर जगतात. माझा पहिला करार संपला तेव्हा पिशव्या घेणाऱ्या बायकांपैकी एकीचाही पत्ता माझ्याकडे नव्हता. यादी कंपनीची. त्यांना नवी गवसणी आली हे सांगायचं तर मला पुन्हा व्हिडिओच करावा लागला, आणि तो ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांच्यापर्यंत पोचला.

म्हणून करारात लिहा की यादी दोघांची आणि करार मोडला तर दोघांनाही तिची प्रत. मात्र गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय तिचा दुसऱ्या कामाला वापर नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही संमती मागतोच. ऑर्डरच्या फॉर्मात एक रिकामा चौकोन ठेवा: ‘नवीन वस्तू आली की मला कळवा’. आधीच बरोबरची खूण घालून ठेवू नका, ज्याला हवं तो करेल. कारागिरानंही ती यादी वापरावी असं मला वाटतं. जवारी लावून घ्यायला लोक वर्षा-दोन वर्षांनी येतात, आणि ते काम माझ्या वाट्यातलं नाही, त्यांचं आहे.

हिशेबाचा दिवस

महिन्याची एक तारीख धरा आणि ती पाळा. आमची दहा आहे, कारण परत करण्याची मुदत सात दिवसांची. मागच्या महिन्यातलं शेवटचं पार्सल पोचून, तपासून, तोवर बहुतेक वेळा पक्कं झालेलं असतं. मुदत संपलेल्या विक्रीचेच पैसे वाटायचे, बाकीचे पुढच्या दहाला. हिशेब दोघांना दिसेल अशा एकाच गुगल शीटमध्ये: तारीख, नग, आलेली रक्कम, कर, प्रत्येक खर्चाचा वेगळा रकाना, शेवटी उरलेले आणि दोन वाटे. चाचा शीट उघडत नाहीत, त्यांची नात मोबाइलवर वाचून दाखवते आणि ते आपल्या लाल वहीत उतरवून घेतात. दोन्ही जुळले की त्याच बैठकीत यूपीआय.

गेल्या दहा तारखेला जुळलं नाही. शीटमध्ये परत आलेल्या गवसण्या दोन, वहीत तीन. तिसरी कारखान्यातच कोपऱ्यात निघाली, भोपळ्याजवळची शिवण ताणली गेलेली. मुंबईहून आली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘घेर बरोबर दिला होता तरी बसत नाही.’ नातीनं फॉर्म काढून बघितला. त्या बाईंनी घेर इंचात दिला होता आणि आम्ही सेंटिमीटरमध्ये वाचून, हे माप कसं असेल म्हणून अंदाजानं शिवलं होतं. परतीचा खर्च दोघांत टाकला, नवी गवसणी त्याच संध्याकाळी कापायला घेतली, आणि फॉर्मात मापाच्या रकान्यापुढे ‘सेंटिमीटर’ हा शब्द ठळक केला.